सखल जमीन, अतिवृष्टी आणि गोल्फचे मैदान : मुंबईतील जलनिचऱ्याचा इतिहास व झरी जामणी परिसराच्या संदर्भात त्याचे महत्त्व

प्रस्तावना :

गोल्फ हा खेळ आणि झरी जामणी तालुका यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटणार नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या काठाने पसरलेल्या या कोलामबहुल तालुक्यात गोल्फचे मैदान नाही. येथे आहे ती कपाशीची काळी जमीन. परंतु ज्या प्रश्नाने गोल्फच्या मैदानाचा व्यवस्थापक जून ते सप्टेंबर या काळात चिंताग्रस्त असतो, त्याच प्रश्नाने येथील शेतकरीही ग्रासलेला असतो. तो प्रश्न म्हणजे सखल व चिकण जमिनीवर एकाच दिवसात कोसळलेल्या पाण्याचे करायचे काय, हा होय.

क्रीडेच्या इतिहासात सामने, विजेते व संस्थापक यांची नोंद होते. मैदानाखालच्या मातीची, तिच्यातील चरांची व ते उपसणाऱ्या हातांची नोंद क्वचितच होते. प्रस्तुत लेखात मुंबईतील गोल्फ मैदानांच्या निमित्ताने हा दुर्लक्षित इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील गोल्फ मैदानांचा उदय व त्यांच्या जमिनीचे स्वरूप यांचा परस्परसंबंध पाहणे.
२) अतिवृष्टी व पूर यांच्या काळातील मैदान-व्यवस्थापनाच्या तंत्राचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
३) या अनुभवाचे झरी जामणीसारख्या कृषिप्रधान तालुक्याच्या दृष्टीने महत्त्व स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

वाळूवरचा खेळ चिखलात :

गोल्फची जडणघडण स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर झाली. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधील वालुकामय, आखूड गवताचा पट्टा नांगरटीस निरुपयोगी म्हणून चराईसाठी मोकळा असे. त्याच पट्ट्यावर हा खेळ वाढला. सेंट अँड्र्यूज परिसरात वर्षभरात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विभागलेला असतो. वाळू पाणी तत्काळ खाली सोडते. त्यामुळे तेथे निचऱ्याची व्यवस्था निसर्गानेच केलेली होती. तरीही १७४४ मध्ये एडिंबरोजवळील लीथ येथे जे पहिले लिखित तेरा नियम तयार झाले, त्यांत चेंडू पाण्यात गेल्यास काय करावे यासंबंधी एक नियम होताच. पावसाने साचलेल्या पाण्यातून दंडाशिवाय चेंडू उचलण्याची मुभा पुढील काळातील नियमांत आली. २०१९ च्या नियमावलीत अशा पाण्याला ‘तात्पुरते पाणी’ या अर्थाची संज्ञा देण्यात आली.

इंग्रज अधिकारी व व्यापारी यांनी हा खेळ भारतात आणला तेव्हा मात्र परिस्थिती पालटली. १८२९ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेला गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब मानला जातो. मुंबईत असा क्लब १८४२ मध्ये निघाला. कलकत्ता व मुंबई या दोन्ही शहरांत वाळूऐवजी गाळाची वा भरावाची जमीन आणि वर्षभराच्या सरीऐवजी चार महिन्यांचा पाऊस होता. मुंबईत या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हा पाऊस सेंट अँड्र्यूजच्या वर्षभराच्या पावसाच्या जवळजवळ तिप्पट आहे. भारतातील अनेक लहान मैदानांवर, विशेषतः लष्करी छावण्यांतील मैदानांवर, खळग्याभोवती हिरवळ राखणे अशक्य झाल्याने तेल मिसळलेल्या वाळूचे गोल ओटे केले जात व त्यांना त्यांच्या रंगावरून ‘ब्राउन’ म्हटले जाई. परक्या हवामानात रुजताना खेळाने केलेली ही तडजोड होती.

मुंबईच्या सखल पट्ट्यावरील मैदाने :

मुंबई मूळची सात बेटांची, हे सर्वविदित आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे व बेटांमधील मोठा भूभाग दलदलीचा होई. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (कारकीर्द १७७१ ते १७८४) यांच्या नावाने ओळखला जाणारा बांध घालून हे खिंडार बुजविण्यात आले. ‘वेलार्ड’ हा त्या बांधासाठी रूढ झालेला शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. बांध वारंवार ढासळत असता रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकारास दृष्टान्त झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती निघाल्या आणि मगच बांध टिकला, अशी महालक्ष्मी मंदिराशी निगडित आख्यायिका प्रसिद्ध आहे. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी समुद्र सहजासहजी हटला नाही, हे लोकस्मृतीने जपलेले सत्य तिच्यातून व्यक्त होते.

बांधाने समुद्र अडला. परंतु आतील जमिनीची पातळी उंचावली नाही. ‘फ्लॅट्स’ या नावाने ओळखला जाणारा हा मध्यवर्ती पट्टा भरतीच्या पातळीपेक्षा सखलच राहिला. पूर्वी बाहेरून येणारे पाणी थांबले. आता आत पडणारे पाणी बाहेर जाईना. उत्तम इमारतीस गैरसोयीच्या अशा जमिनीचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरते. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे रेसकोर्स याच सखल भागात सुरू झाले. १९१७ मध्ये त्याच्या शेजारी, ताडदेव व हाजी अलीच्या दरम्यान, विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबची स्थापना झाली. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने निघालेल्या या क्लबमध्ये युरोपीय व भारतीय अशा दोघांनाही सदस्यत्व खुले होते. त्या काळातील मुंबईच्या प्रमुख युरोपीय क्लबांची दारे भारतीयांना बंद होती, हे लक्षात घेता या घटनेचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. १९२७ मध्ये चेंबूर येथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला.

या क्लबांचा इतिहास वंशभेद व प्रतिष्ठा यांच्या अंगाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू जमिनीची आहे. ज्या जागी पाणी साचते तेथे वस्ती उभी राहण्यास वेळ लागतो. म्हणून तेथे कुरण राहते, आणि कुरणावर शर्यतीचे वा खेळाचे मैदान येते. मैदानाने पाण्याची जागा घेतली असे न म्हणता, पाण्याच्या जागेवर मैदान आले म्हणून ती जागा मोकळी राहिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

निचऱ्याचे तंत्र : शेतातून मैदानात

अशा जमिनीवर हिरवळ टिकविण्याचे तंत्र गोल्फने स्वतः शोधलेले नाही. ते शेतीकडून घेतलेले आहे. स्कॉटलंडमधील डीन्स्टन येथील जेम्स स्मिथ यांनी १८३० च्या दशकात संपूर्ण शेतात ठरावीक अंतरावर समांतर भूमिगत चर घेण्याची पद्धत प्रचारात आणली. त्याच दशकात जॉन जॉन्स्टन या मूळच्या स्कॉटिश शेतकऱ्याने भाजलेल्या मातीच्या नळ्यांचे नमुने मायदेशातून मागवून अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात आपल्या शेतात त्या पुरल्या. हेन्री फ्रेंच यांनी १८५९ मध्ये शेतजमिनीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिला. दगडगोट्यांनी भरलेल्या चराला आजही मैदानांच्या व बांधकामांच्या परिभाषेत ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात, ते या फ्रेंच आडनावावरून. फ्रान्स देशाशी त्याचा संबंध नाही.

विसाव्या शतकात या ज्ञानाला प्रयोगशाळेची जोड मिळाली. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने १९६० मध्ये ‘ग्रीन’च्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, बांधणीचे मानक प्रसिद्ध केले. सर्वांत खाली माशाच्या काट्याप्रमाणे शाखा असलेल्या सच्छिद्र नळ्या, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. बारीक वाळूतील पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते वाळूच्या तळाशी थबकते व मुळांना ओलावा मिळतो. पाऊस वाढून वरचा भार पुरेसा झाला की तेच पाणी झपाट्याने खाली जाते. स्कॉटिश किनाऱ्यावर निसर्गाने जे दिले होते ते अन्यत्र माणसाने विकत घेतले, असे या रचनेचे वर्णन करता येईल.

गवताची कथाही लक्षणीय आहे. भारतातील गोल्फ मैदानांवर प्रामुख्याने वापरले जाणारे गवत म्हणजे आपली हरळी होय. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी हरळीचा आफ्रिकी जातीशी संकर करून विकसित केलेले ‘टिफवे’ व ‘टिफड्वार्फ’ हे वाण १९६० च्या दशकात जगभर पसरले. गणपतीला दूर्वा म्हणून वाहिली जाणारी आणि शेतात धुऱ्यावरून आत शिरली की शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणणारी हीच वनस्पती पुरात काही दिवस बुडून राहिली तरी पुन्हा फुटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो तिचा दोष, तोच मैदानाच्या दृष्टीने तिचा गुण ठरला.

पावसाळ्यातील व्यवस्थापन :

अतिवृष्टीच्या काळातील मैदान-व्यवस्थापनाचे तीन टप्पे करता येतात. पहिला टप्पा पावसापूर्वीचा. नाले व चर यांतील गाळ काढणे, नळ्यांची तोंडे मोकळी करणे, वाळलेल्या फांद्या उतरविणे, हिरवळीत भोके पाडून त्यांत वाळू भरणे आणि गवत किंचित उंच ठेवणे ही कामे मे महिन्यातच उरकावी लागतात. दुसरा टप्पा प्रत्यक्ष पावसाचा. या काळात काय करावे यापेक्षा काय करू नये, यास अधिक महत्त्व असते. भिजलेल्या जमिनीवर यंत्र वा गाडी नेल्यास मातीचे कण दाबले जातात, तिच्यातील हवेची जागा नष्ट होते व पुढील कित्येक महिने तेथे पाणी मुरत नाही. म्हणून काही खळगे बंद ठेवणे, तात्पुरती हिरवळ वापरणे किंवा खेळच थांबविणे हा शहाणपणाचा मार्ग समजला जातो. तिसरा टप्पा पूर ओसरल्यानंतरचा. तेव्हा खरा शत्रू पाणी नसून गाळ असतो. गाळ वाळून त्याची खपली बसली की खालचे गवत गुदमरते. म्हणून तो ओला असतानाच धुऊन व ओढून काढावा लागतो. त्यानंतर पुन्हा भोके पाडणे, वाहून गेलेली बंकरची वाळू भरणे व बुरशीवर लक्ष ठेवणे ही कामे येतात.

या सर्व सूचनांचे सार मराठी शेतकऱ्याच्या एका शब्दात सामावलेले आहे. तो शब्द म्हणजे ‘वाफसा’. जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही, पाय वा औत घालण्याजोगी झाली आहे, अशा स्थितीला वाफसा म्हणतात. गोल्फ मैदानाचा व्यवस्थापक सकाळी हिरवळीवर पाऊल दाबून जे पाहतो, ते वाफसाच होय.

यातील बहुतेक काम हाताने होते. गाळ ओढणे, पाणी लोटणे, तण खुरपणे हे माळी व रोजंदारीवरील स्त्री-पुरुष मजूर करतात. मैदान बंद राहिले की फेरीमागे पैसे मिळविणाऱ्या कॅडीची त्या दिवसाची मिळकत बुडते. क्लबांच्या इतिहासात या माणसांची नावे येत नाहीत. कॅडी म्हणून आरंभ करून १९९१ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकणारे अली शेर यांच्यासारखे एखादे नाव तेवढे नोंदले जाते. खेळाडू म्हणून जिंकल्यावरच इतिहासाने कॅडीची दखल घ्यावी, ही बाब इतिहासलेखनाच्या मर्यादेवर प्रकाश टाकणारी आहे.

२६ जुलै २००५ आणि त्यानंतर :

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच कालावधीत कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच शहराच्या दोन वेधशाळांतील ही तफावत इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘मुंबई बुडाली’ हे विधान उपनगरांच्या बाबतीत जितके खरे होते तितके दक्षिण टोकाच्या बाबतीत नव्हते. या आपत्तीत राज्यात एक हजाराहून अधिक लोकांचे प्राण गेले. शासनाने ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली व तिचा अहवाल २००६ मध्ये सादर झाला.

मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून केलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली होती. तिच्या अंमलबजावणीस गती मिळण्यास मात्र २००५ चा पूर यावा लागला. त्यानंतर ज्या उदंचन केंद्रांची उभारणी झाली त्यांत हाजी अली व लव्हग्रोव्ह ही दोन केंद्रे आहेत. भरतीच्या वेळी समुद्राकडील दारे बंद करावी लागतात आणि आतील पाणी पंपाने उपसावे लागते. हॉर्नबीच्या बांधाने निर्माण केलेल्या प्रश्नाचे हे सव्वादोनशे वर्षांनंतरचे उत्तर आहे.

या पार्श्वभूमीवर सखल पट्ट्यातील मोकळ्या मैदानांचे मोल वेगळे भासू लागते. गवताची जमीन काही पाणी मुरवते आणि काही पाणी काही तास धरून ठेवते. तेवढ्या काळात ओहोटी लागते व नाले मोकळे होतात. सिमेंटने झाकलेल्या जमिनीला हे शक्य नसते. हे मैदान मूठभर सदस्यांपुरते असावे काय, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मालकी व वापर कोणाचा हा एक प्रश्न आणि ती जमीन मोकळी राहावी काय हा दुसरा प्रश्न आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घेण्यास मान्यता दिली, तेव्हा हे दोन्ही प्रश्न एकत्र उभे राहिले. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणून ओळखले जाते. तेथे खेळ गेला, नाव उरले आणि मोकळी जागा नागरिकांची झाली. वापर बदलूनही मोकळेपण टिकू शकते, याचे हे उदाहरण होय.

झरी जामणीच्या संदर्भात :

मुंबईच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भागास या इतिहासाचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिक आहे. येथील काळी माती ओली होताच फुगते, तिच्या भेगा मिटतात व पाणी वरच थांबते. भरतीने जसे मुंबईच्या नाल्यांचे तोंड बंद होते, तसे पैनगंगेला पूर असताना तिला मिळणाऱ्या नाल्यांचे पाणी मागे फिरते व काठची शेते तुंबतात. २०२२ च्या जुलैमध्ये वर्धा-पैनगंगा खोऱ्याने हा अनुभव पुन्हा घेतला. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की शासनदरबारी अतिवृष्टीची नोंद होते. पंचनामा होतो. परंतु पाणी शेतात किती दिवस उभे राहिले, याला त्या आकड्यात स्थान नसते. कपाशीची मुळे कुजतात ती पावसाच्या आकड्याने नव्हे, तर न निघालेल्या पाण्याने.

येथेच मैदान आणि शेत यांतील मूलभूत भेद समोर येतो. गोल्फचे मैदान वाफशाची वाट पाहू शकते. खेळ आठवडाभर थांबल्याने कोणाच्या घरची चूल विझत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र पेरणीचा हंगाम थांबू देत नाही. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा दुप्पट खर्च आणि घटलेले उत्पन्न. जे निचऱ्याचे ज्ञान शेतकऱ्याच्या शेतात जन्मले ते खेळाच्या मैदानावर पूर्णत्वास गेले. परंतु आपल्याकडील कोरडवाहू शेतात ते फारसे परतले नाही. अपवाद आहेत. सांगली-कोल्हापूर भागातील क्षारपड व चिबड जमिनींसाठी कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने सच्छिद्र नळ्यांच्या भूमिगत निचऱ्याचे कार्य केले आहे. विदर्भात रुंद वरंबा व सरी पद्धतीचा प्रसार होत आहे. मात्र एका शेतकऱ्याने चर काढला तर पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाते व धुऱ्याचे भांडण उभे राहते. मैदानाचा मालक एक असतो, म्हणून नाल्यापर्यंतचा उतार एकसंध आखता येतो. शिवारात तो आखायचा तर गावाने एकत्र यावे लागेल.

निष्कर्ष :

१) मुंबईतील जुनी मैदाने ज्या सखल पट्ट्यावर आहेत तो मूळचा पाण्याचा प्रदेश होता. मैदान-व्यवस्थापनाचा इतिहास हा वस्तुतः जलनिचऱ्याचा इतिहास आहे.
२) गोल्फच्या निचऱ्याचे तंत्र शेतीतून आलेले असून ते पुन्हा शेतीकडे वळविणे शक्य व आवश्यक आहे.
३) पुराच्या काळातील व्यवस्थापनाचे मर्म पूर्वतयारी, संयम व गाळ वेळेत काढणे या तीन बाबींत आहे.
४) सखल मोकळ्या जमिनीचे मूल्य तिच्या बाजारभावावरून ठरविल्यास त्याची किंमत पुढील अतिवृष्टीत इतरांना चुकवावी लागते.
५) नालासफाई व सामूहिक चर ही कामे पंचनाम्यानंतर नव्हे, तर पावसापूर्वी गाव पातळीवर हाती घेणे झरी जामणीसारख्या तालुक्यासाठी अगत्याचे आहे.

अडीचशे वर्षांपूर्वी मुंबईत समुद्र अडविणारा बांध घातला गेला आणि आतल्या पाण्याला वाट ठेवण्याचा विचार मागाहून आला. त्या विलंबाची किंमत शहर अद्याप मोजत आहे. पैनगंगेच्या काठावर रस्ते, पूल व खाणींची कामे करताना पाण्याची वाट आधी आखली जावी, एवढा बोध या इतिहासातून घेता आला तरी प्रस्तुत अभ्यासाचे सार्थक होईल.